जुनाच आकडा दाखवणारी मशीन

माही भाची मोनाली फुलसावंगीची. कम्प्युटर शिकली अन् आता घरीच बसून कर्नलमधल्या चुका काढते. कर्नल म्हणजे कम्प्युटरचा सगळ्यात आतला कारभार. मले तं पह्यले वाटे, पोरगी टाइमपास करून राह्यली.

मी सत्यभामा, पुसदच्या एका दवाखान्यात नर्स. त्या वर्षी कापसावर फवारलेलं औषध अंगात जाऊन माणसं धडाधड पडली. त्यातलेच एक विठ्ठलराव भरदुपारी गेले, अन् खाटेजवळच्या मशीनवर नाडी बहात्तरच! घंटी वाजलीच नाही. त्यायची बायको तानाबाई सगळ्या वॉर्डासमोर ओरडली, "झोपली होती का व, भवाने?" डॉक्टरनं मले घरी बसवलं. मी मशीनले दोष देल्ला, तं कंपनीचा माणूस हासला. त्याच्याकडं ती कधी बिघडलीच नव्हती म्हणे.

मोनाली हासली नाही. "मावशी, त्या दुपारी काय केलं ते हातानं करून दाखव."

मी दाखवलं. त्या दुपारीही लाइन गेलती. लाइन गेली की मशीनले जनरेटरचा झटका बसते. नाडी मोजाले बोटाले चिमटा लावतात, एकदा त्याची डब्बी जळाली, तेव्हापासून आम्ही तिची वायर मशीनमधून काढतो अन् मंग परत लावतो.

"अव माय!" मोनाली म्हणे. "कंपनीत लाइनच जात नाही, वायर काढीन कोण?"

मशीनच्या आतही तोच कर्नल होता. वायर काढली की तो त्या डब्बीची मेमरी, म्हणजे आकडा ठेवाची जागा, मोकळी करे, पण आकडा दाखवणारं काम तिथूनच वाचत राहे. नवा आकडा दुसरीकडं, अन् पडद्यावर जुनाच. चूक पक्की कराले पोरीनं स्वतःच्या बोटाले चिमटा लावून चारशे डाव वायर काढली. वाचणारं काम थांबल्याबिगर मेमरी मोकळी होऊ नये, अशी दुरुस्ती लिहून कर्नल सांभाळणाऱ्यायले पाठवली. ती मंजूर झाली. खाली तिनं लिहिलं होतं, चूक कळवणारी सत्यभामा. ते वाचून डॉक्टरनं मले परत बोलावलं.

कामावर जायच्या आधी मी तानाबाईच्या घरी गेली. सगळं सांगितलं. ती माहा हात धरून म्हणे, "माफ कर माय, तुले उगाच शिव्या देल्या."

मले रडूच आलं. "उगाच नाही व बाई. मशीन खोटी होती, हे खरं. पण त्या दुपारी मी तीनदा त्यायच्या खाटेपाशी आलती. तिन्ही डाव आकडा पाहून गेली. त्यायले हात नाही लावला."