मागांच्या घरातलं शांत बाळ

आमच्या खालच्या मजल्यावर टॉवेलचे आठ माग आहेत आणि वर आम्ही राहतो. माग चालू असले की फरशी थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं. अशा घरात माझा मुलगा जन्मापासून गाढ झोपायचा. लाइट जाऊन माग थांबले की मात्र लगेच उठून रडायचा. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आवाज बंद झालेला बरोबर कळतो त्याला. कान लई तिखट." मीही तेच सांगायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो सात महिन्यांचा असताना चार दिवस अक्कलकोटला माहेरी गेले. तिथे माग नाहीत. स्वयंपाकघरात त्याला उशीला टेकवून बसवलं होतं आणि कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. हा हातातला चमचा चोखत राहिला. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मी त्याच्या मागे जाऊन हाक मारली, मग ओरडले, मग उलथन्यानं ताट बडवलं.

"अगं, घाबरेल ना तो!" आई म्हणाली.

"घाबरत नाहीये, तेच बघतेय."

परत आल्यावर त्याच आठवड्यात नेहमीची तपासणी होती. नर्सनं वजन घेतलं, डोक्याचा घेर मोजला आणि 'आवाजाकडे वळतो' या ओळीपुढे बरोबरची खूण केली. विचारलं कुणालाच नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतंय बाळ?"

"एकदम मस्त, साहेब."

मी म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही."

नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला चारचौघांत शिवी दिली. डॉक्टर हसले. त्यांनी बाळाच्या तोंडासमोर टाळी वाजवली. बाळ हात बघून खुदकन हसलं. "बघा, ताई."

"त्यानं तुमचे हात बघितले. मागून वाजवा."

"घरी माग आहेत ना तुमच्या? मग आवाजाची सवय झालीय त्याला."

"पण तो बाबा, मामा असं काहीच करत नाही. मोठी याच वयात दिवसभर बडबडायची."

"घरात तेलुगू, बाहेर मराठी. अशी मुलं उशिराच बोलतात. आणि ताई, उशिरा मूल झालं की आई जरा जास्तच काळजी करते."

माझं वय तेव्हा एकोणचाळीस. मोठी मुलगी आठवीत होती. एक मूल मी वाढवलं होतं आणि हा माणूस मला आईपण शिकवत होता. मी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, बाळाच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या कानाशी जोरात खुळखुळवला. टेबलापाशी बसलेली नर्स वळली. बाळ वळलं नाही.

"बाहेर पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले.

"थांबू देत. कानाच्या तपासणीची चिठ्ठी द्या."

"तुमच्या समाधानासाठी देतो," असं म्हणून त्यांनी ती दिली. समाधानासाठी म्हणे! जिन्यात नवरा म्हणाला, "डॉक्टरांशी असं बोलतात का?" मी चिठ्ठी पर्समध्ये टाकून पुढे उतरले. उत्तर दिलं असतं तर सगळ्या दवाखान्यानं ऐकलं असतं.

कानाच्या तपासणीला बाळ झोपलेलं लागतं. त्या शांत खोलीत आमचं बाळ काही केल्या झोपेना. मांडीवर घेतलं, थोपटलं, पाजलं, तरी टक्क जागं. शेवटी त्याला घेऊन नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. सात रस्ता चौकापर्यंत पोचायच्या आतच बाळ झोपलं. तसंच उचलून आत आणलं. तपासणारी मुलगी कामाची होती. तिनं घरची सगळी माहिती विचारली, वायरी लावल्या, तपासणी संपवली आणि समोर बसून माझ्याशीच बोलली. "दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्याला मागांचा आवाज कळत नव्हता, थरथर कळत होती. माग थांबले की थरथर थांबायची, म्हणून जाग यायची. गाडीवरही त्यामुळेच झोपला."

"मशीन बिघडलं असेल," नवरा म्हणाला.

"मग दुसऱ्या मशीनवर करू," मी म्हणाले. दुसरीकडेही तेच निघालं. त्या दिवसानंतर नवरा प्रत्येक तपासणीला येतो आणि डॉक्टरांनी त्याला काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतो. एवढं तरी शिकला.

जितक्या लवकर कळेल तितकी बोलणं येण्याची आशा जास्त, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. आमचे सात महिने कौतुकात गेले. आता दोन्ही कानांना यंत्रं आहेत आणि ऑपरेशनसाठी पुण्याच्या खेपा चालू आहेत. सासूबाईंचं एकच चाललं होतं, "बाहेर सांगू नको. मोठीचं लग्न व्हायचंय." मोठी अजून शाळेत जाते!

मी सांगितलं. गल्लीत समोरच्या घरी चार महिन्यांची मुलगी आहे, खाली माग. तिची आई ओट्यावर कुणाला तरी सांगत होती, "माझी लई शांत हाय. कितीबी खडखडाट होऊ दे, हलत न्हाय." मी तिथेच थांबले आणि म्हणाले, "उद्या तिचे कान तपासून घे. मी येते बरोबर."

ती एकदम उसळली. "अक्का, तुमच्या घरातलं दुखणं आमच्या दारात कशाला आणता?"

"राग नंतर धर. आधी तपासून घे."

ती नवऱ्याला घेऊन गेली. मुलीचे कान चांगले निघाले. संध्याकाळी तिनं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आमचं घर सोडून. सासूबाईंना ते फार लागलं. मला नाही. ती तपासून आली, मला तेवढंच हवं होतं. कोपऱ्यावरच्या घरातली सून परवा बाळंत झालीय. तिथे सहा माग आहेत. बाळाचं बारसं होऊ दे, मग तिच्याकडे जाणार आहे.