दुसऱ्या बाजूची गाणी

माझा थोरला भाऊ चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासत होता. काच फ्रेममध्ये बसली नाही तर इतर कारागीर फ्रेम वाकवून मोकळे होतात. दादा काच पुन्हा घासायला घ्यायचा. असा माणूस रिटायर झाला की घरच्यांनी सावध राहावं. घरात तो एकटाच, त्यामुळे सावध राहायचं काम माझ्या वाट्याला आलं.

त्याच्याकडे कॅसेटींचा मोठा साठा आहे. दुकानाने टाकून दिलेल्या, काचा ठेवायच्या चपट्या ट्रेमध्ये त्या असतात, एका वर्षाचा एक ट्रे. रिटायर झाल्यावर त्याने ठरवलं की सगळे अल्बम पुन्हा ऐकायचे, क्रमाने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. सतरा वर्षांचे ट्रे सुरळीत पार पडले. अठराव्या ट्रेपाशी घोडं अडलं. तीन आठवडे झाले तरी स्वारी तिथेच, आणि फोनवर नुसती चिडचिड. शेवटी मीच बॅग भरून त्याच्याकडे गेले.

तो ट्रे आईच्या शेवटच्या वर्षाचा. आई अंथरुणाला खिळलेली, दादा काचा घरी आणून खिडकीशी घासत बसायचा, आणि मी दुसऱ्या शहरात नोकरीला. मला येणं जमत नव्हतं, म्हणून मी दर महिन्याला त्याला एक नवी कॅसेट पाठवायचे. त्या ट्रेमधल्या बाराच्या बारा माझ्याच. "मी तिथे नव्हते, पण दादाला मीच धीर दिला," असं मी चारचौघांत सांगत आले आहे. खोटं कशाला बोलू, अभिमानाने सांगत आले आहे.

दुपारी त्याने पहिली कॅसेट लावली. बावीस मिनिटांनी बाजू संपली, टेपचं बटण खट्‌कन वर आलं, आणि दादा उठून आतल्या खोलीकडे चालायला लागला. दारापर्यंत गेला, थांबला, परत आला.

"बघितलंस? हे असं होतंय."

"कुठे निघाला होतास?"

"आईकडे."

"दादा, आईला जाऊन तेवीस वर्षं झाली."

"मला माहीत आहे गं. पायांना कोण सांगणार?"

मग एकेक कळत गेलं. गाणी लागली की आईचा डोळा लागायचा, आणि बटणाच्या आवाजाने ती दचकून जागी व्हायची. मग पाणी, औषध, कूस बदलणं, चादर बदलणं. ते आटोपेपर्यंत ऐकायची इच्छा मरून जायची. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात करणार, कारण मधूनच ऐकणं त्याला पटत नाही. बारा कॅसेटींपैकी एकीचीही दुसरी बाजू त्याने ऐकली नव्हती. मला संताप आला. कोणाचा ते कळेना, म्हणून त्याच्यावर काढला.

"आता तरी सरळ दुसरी बाजू लाव."

"मधूनच?"

"लाव म्हणते ना."

मीच कॅसेट उलटून लावली. दादा परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. बटण वाजलं आणि तो पुन्हा दाराशी.

"शेवटचं गाणं कसं होतं?" मी विचारलं.

"ऐकलंच नाही. बटण कधी वाजतंय, सगळं लक्ष तिकडेच."

मी बटणाखाली कापूस कोंबला, तर तो एकविसाव्या मिनिटाला आपणहून उठला. आतल्या खोलीला कडी घातली, तर कडी काढून आत डोकावून आला. तीन दिवस हाच खेळ. दादा इतका वैतागला की त्याने ट्रे माळ्यावर टाकायला काढला. मग माझंही डोकं फिरलं.

"मी दोन-दोन दुकानं पालथी घालून निवडायचे," मी म्हणाले. "आणि तू पत्रात लिहायचास, गाणी फार आवडली."

"पहिल्या बाजूची आवडायचीच." त्याने ट्रे खाली ठेवला. "कॅसेटी नको होत्या गं मला. लिहायची लाज वाटली. तू आठवडाभर येऊन तिच्याजवळ बसली असतीस, तर मी एखादी तरी पुरी ऐकली असती."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"रजा कुठे मिळत होती मला?" तेव्हा पत्रात लिहिलेलं वाक्य, जसंच्या तसं तोंडातून निघालं.

"हो, तेही आहेच," दादा म्हणाला. त्याने ते तेव्हाही मानलं होतं, आत्ताही मानलं. "चहा टाकतोय. घेशील अजून?"

रजा मिळाली होती. चांगली अठरा दिवसांची. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी समुद्रावर गेले होते, आणि त्या महिन्याची कॅसेट तिथल्याच बाजारात घेऊन पाठवली होती. दादा दारात उभा राहून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"अर्धा कप चालेल," मी म्हणाले.