पेटी एकटी आली

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, पण विंचवाला निदान पाटा-वरवंटा न्यावा लागत नाही. फौजीच्या बायकोला लागतो. बदलीच्या गावातल्या तयार मसाल्यावर तिचा विश्वास नसतो, आणि नवऱ्याला ठेच्याशिवाय घास उतरत नाही. आमच्या ह्यांचा हुकूम मात्र एकच: "पेटीत मावलं ते आपलं, उरलं ते शेजाऱ्याचं." पेट्या म्हणजे काळ्या पत्र्याच्या, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि गाव. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. आम्ही साखरा, जिल्हा परभणी असं लिहायचो.

हे पेटी भरायचे तेही परेड केल्यासारखे. बुटात मोजे, मोज्यांत चहाचे कप, कपांत लसणाच्या पाकळ्या. मी भरलेली पेटी ते हमखास उपसून पुन्हा भरायचे. मग त्यांचा पाय दारातून बाहेर पडला की मी आत हळदीचा डबा कोंबायची आणि झाकण लागेना म्हणून वर बसायची. सासर-माहेरावरून आमची झाली नसतील एवढी भांडणं पेटीवरून झाली.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी पलटणीला सीमेवर जायचा हुकूम आला. तिथे बायकापोरांना नेता येत नाही, म्हणून क्वार्टर खाली करून आम्ही गावी निघालो. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आमच्याच भागातल्या हट्टा गावचं जोडपं होतं. नवरा ह्यांच्याच पलटणीत, जिवाभावाचा दोस्त. बायको माझ्याहून लहान, मला अक्का म्हणायची. दोघींनी मिळूनच सामान बांधलं. तिच्या नवऱ्याने पाटा टाकून दे म्हणून तीनदा बजावलं होतं. तिने तो गोधड्यांच्या घडीत दडवून पेटीत घातला.

खांडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या लाइनीची गाडी धरायची होती. तिच्या नवऱ्याने पेटी डोक्यावर घेतली आणि चार पावलं गेला तोच पेटीचं बूड निखळलं. पाटा फलाटावर आपटला, मागोमाग गोधड्या, ज्वारीचं पीठ, लेकीचे फ्रॉक. हमाल थांबून बघायला लागले. तो खाली वाकून पाट्याकडे बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "हा कोणाचा?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक. रेल्वेचा असल." हे इतके हसले की त्यांना उभं राहवेना. शेवटी माझ्या जुन्या लुगड्याने पेटी बांधली आणि हिंगोलीपर्यंत आम्ही त्या पाट्यावरूनच हसत आलो.

चार दिवस आपापल्या घरी राहून दोघे फौजी वर गेले. घरात 'वर' एवढंच म्हणायचे. सीमा हा शब्द सासूबाईंपुढे कोणी काढत नसे.

तिथून माझी भीती सुरू झाली. पुसेगावच्या बाजूचा एक जवान आदल्या वर्षी गेला होता. त्या काळी देह गावी येईलच असं नसायचं. तिकडेच सगळं उरकायचे, आणि काही दिवसांनी घरी यायची ती त्याची काळी पेटी. दोस्त लोक भरून पाठवायचे. तेव्हापासून आमच्याकडे म्हणायला लागले की पेटी एकटी आली म्हणजे माणूस येत नसतो. निघताना मी ह्यांना लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वचन द्यायला लावलं होतं, की काही झालं तरी पेटी पुढे पाठवायची नाही. तुम्ही याल तेव्हाच ती येईल. हे हसले, पण हात ठेवला. पुढे साखऱ्यात एसटी आली की माझी नजर दाराकडे जायच्या आधी टपावर जायची. टपावर काळं काही दिसलं की ते खाली उतरेपर्यंत मी जागची हलत नसे. बहुतेक वेळा ती कोणाची तरी पेरणीची पाभर असायची.

तुरी काढायच्या दिवसांत गावातला एक जण हिंगोलीच्या बाजारातून आला आणि अंगणात उभा राहिला. माझ्याकडे न बघता सासऱ्यांना म्हणाला, "तात्या, टेसनावर तुमच्या पोराची पेटी पडून हाय. नाव वाचलं म्या."

सासरे म्हणाले, "आन् तो?"

"संगं कोणी न्हाई."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. पत्र येऊन बरेच दिवस झाले होते, पण वरची पत्रं उशिराच येतात असं मी रोज स्वतःला सांगत होते. सासऱ्यांनी धोतर बदललं, सासूबाईंना बाजाराला जाऊन येतो म्हणाले आणि मला डोळ्यानेच चल म्हणाले. एसटी निघाली. मन चिंती ते वैरी न चिंती. मी तर सेनगाव यायच्या आत स्वतःला माहेरी पाठवलं होतं, लेकरांना मामाच्या घरी मोठं केलं होतं.

पेटी पार्सलच्या खोलीबाहेर सावलीत होती. झाकणावर ह्यांचा नंबर, ह्यांचं नाव, खाली साखरा. ती अक्षरं ह्यांनी माझ्यासमोर रंगवली होती. मला जवळ जाववेना. मालबाबूने सासऱ्यांचा अंगठा घेतला आणि जास्त काही न विचारता पेटी दिली. माझ्याकडे बघून त्यानेही ओळखलं असावं. सासऱ्यांनी ती स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली आणली.

"घरी नको न्यायला, मामंजी," मी म्हणाले.

"इथंच उघडू," ते म्हणाले. "घरी नेली की बाया जमतील. तुजी सासू हाय खाऊन मरंल."

दगडाने कुलूप तोडलं, पण झाकण कोणी उचलेना. शेवटी मीच उचललं. वर लोकरीचं बनियन, चौकोनी घडीचं. खाली बूट, पॉलिश केलेले. मी बुटांत हात घातला. मोजे नव्हते, कप नव्हते, काहीच नव्हतं. पेटी ह्यांच्या हातची नव्हती. कोणीतरी दुसऱ्याने, फार जपून भरली होती, आणि असं जपून कोणाची पेटी भरतात ते मला ठाऊक होतं. मी तिथेच मातीत बसले.

सासरे एकेक वस्तू काढत राहिले. साबणाची डबी, आरसा, मग फडक्यात गुंडाळलेला एक फोटो. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "ही कोण, लेकी?"

फोटोत माझी शेजारीण होती. हट्ट्याची. बाजूला तिचा नवरा, मांडीवर त्यांची मुलगी, मी शिवलेल्या फ्रॉकात. मी पेटीत डोकं घालून बघितलं. झाकणाला आतून कागद चिकटवला होता, त्यावर त्याचं नाव आणि हट्टा. मग उमगलं. त्याची पेटी खांडव्याला बुडाविना झाली होती, ह्यांनी त्याला आपली एक दिली असणार. आतलं नाव त्याने बदललं आणि वरचं तसंच राहिलं. पाठवणाऱ्याने वरचं वाचून पाठवली.

"आपला न्हाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपला न्हाई, मामंजी."

माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क हसले, तिथे रस्त्यावर, मोठ्याने. सासऱ्यांनी पटक्याने तोंड पुसलं, पुसतच राहिले. मग म्हणाले, "त्याची पेटी हाय, मंग तो कुठं हाय?"

हसू तिथेच गेलं. हट्टा हिंगोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडची खबर आमच्याकडे येत नाही. तिला तार आली असेल का? नसेल आली आणि आम्हीच ही घेऊन दारात उभे राहिलो तर? मी म्हणाले, पोस्टाने पाठवू, पोलीस पाटलाकडे देऊ. सासरे म्हणाले, "फौजीच्या घरची हायस ना तू. तूच नेली पाहिजेस."

सगळं परत भरायला बसले तर झाकण लागेना. निघालेलं सामान होतं तेवढंच होतं, एक वस्तू जास्त नव्हती, तरी मावेना. मी काढलं, भरलं, पुन्हा काढलं, ह्यांच्यासारखे बुटात मोजे घालून पाहिले. रडू येत होतं आणि रागही, त्या पेटीचा, फौजेचा, सगळ्यांचा. शेवटी सवयीने झाकणावर बसले आणि बसल्यावर कळलं आपण कशावर बसलो ते. ताडकन उठले. सासऱ्यांनी दोरी बांधली.

हट्ट्याच्या गाडीवर पेटी चढवताना कंडक्टरने झाकण वाचलं. "सुट्टीवर येऊन राहिले का साहेब?" सासरे म्हणाले, "व्हय."

घर विचारत गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळ मोकळं होतं. म्हणजे तिला माहीत होतं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. सांगायचं काम माझ्यावर आलं नव्हतं. सासऱ्यांनी खांद्यावरची पेटी खाली ठेवली. ती उठून आली. तिची नजर झाकणावर गेली. पांढरी अक्षरं तिने सावकाश वाचली, ह्यांचं नाव, साखरा, आणि मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुला अजून कोणी सांगितलं न्हाई का?"

मी नुसतंच पेटीकडे बोट केलं. तिने मला धरलं, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडून घे," म्हणत होती. "पयले आठ दिवस लई वंगाळ असतात. मी हाय ना. काही लागलं तर माझ्याकडे ये." ती मलाच धीर देत होती.

"न्हाई गं बाई," मी म्हणाले. "ही तुजी पेटी हाय."

पाठीवरचा हात थांबला. मग तिने तो काढून घेतला.