शंभर वर्षांनंतरच्या माणसाची नक्कल

"खेड्यातल्या नाटकात कुठलं आलंय विज्ञान?" असं मला हसून विचारणाऱ्यांनो, आज माझ्यासोबत मारेगावकडे यायला हवं होतं तुम्ही.

तिकडच्या एका खेड्यातल्या देवरावकाकांनी तरुणपणी गावच्या नाटकात शंभर वर्षांनंतरच्या जगातून आलेला माणूस केला होता. त्या नाटकाची संहिता शोधत सकाळी त्यांच्या घरी गेले.

संहिता नव्हतीच. शेजारच्या गावानं नाटक चोरू नये म्हणून प्रत्येक नटाला फक्त त्याची नक्कल मिळायची. आधीच्या पात्राचं शेवटचं वाक्य आणि त्यापुढे आपला संवाद, एवढंच.

"बाकीच्याईच्या नकला गेल्या, मानसंबी गेले," काका म्हणाले.

त्यांच्या नकलेचं शेवटचं पान वाचलं. गावकरी विचारतो, "तुमच्या काळात आमचं गाव असन का?" खाली काकांसाठी सूचना होती: गप्प राहायचं. पडदा.

"तवा लोक पोट धरू धरू हासले, पोरी. यंदा बोंडअळीनं वावरातली कपाशी, सारी पऱ्हाटी खाल्ली. परवा हेच पान बायकोले वाचून दाखवलं, तं थे उठून अंदर गेली."

तुमच्या घरच्या जुन्या पेटीत अशी एखादी नक्कल असेल तर बघा ना. अशा प्रश्नापुढे एखाद्या तरी गावानं "हो" लिहिलं असेल का?