बाहुलीची आंघोळ

आईच्या पसरलेल्या पायांवर वहिनींनी प्लॅस्टिकची बाहुली ठेवली.

"आनंदी, आधी हिला घाल आंघोळ. तुझे हात कापतात का, ते सगळ्यांना बघू दे."

वहिनींचा मुलुंडमधला तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. न्हाणीघरात आई पाटावर बसलेली, लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलेलं. दारात वहिनींच्या जावा, नणंद, सोसायटीतल्या दोघी. बाळ आतल्या खोलीत, बाळंतिणीजवळ. सकाळीच नर्सिंग होममधून घरी आलेलं. वहिनींचं पहिलं नातवंड. त्याच्या बापालाही आईनंच न्हाऊ घातलं होतं. ह्याच न्हाणीघरात.

बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालणं हे आईचं काम. संपात बाबांची गिरणी गेली, तेव्हा घर याच कामावर चाललं. मी कणकवलीला मावशीकडे राहून शिकले, बी.ए. झाले, तेही त्यावरच. आता आईला जिना चढताना आधार लागायचा, म्हणून मी सोबत आले होते. दाराशी तिची पिशवी धरून उभी.

आईनं बाहुलीला खरंच आंघोळ घातली. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. मान पेलली. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हाताचा आडोसा केला.

"धुरीपण द्या हो हिला," एक जाऊ म्हणाली.

"आणि तीट राहिली," दुसरी. सगळ्या हसल्या.

आईही हसली. ते मला आजही सहन होत नाही.

मग निकाल लागला. "जरासे कापतातच गं. बाळासाठी आम्ही तरणी बाई बघतो. तू आपली दुपटी धुवायला येत जा."

"बरा, वयनी," आई म्हणाली.

मी चपला घालूनच आत गेले. बाहुली उचलली. पाणी गळत होतं तशीच वहिनींच्या हातात दिली.

"तुम्ही आणि आई एकाच वयाच्या. आता तुम्ही दाखवा."

"चपला काढ आधी. आणि कुणाच्या पुस्तकांवर शिकलीस, विसरलीस वाटतं?"

विसरले नव्हते. दर जूनला, सुट्टी संपवून कणकवलीला परतताना, त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मला तिथे मिळायची. त्यांचे आभार मानत मी मोठी झाले. मान खाली घालायची सवय मला त्याच घरात लागली.

"नाही विसरले. पण पुस्तकांच्या बदल्यात आई मिळणार नाही. चल, आई."

आई उठेना. खालून उठायला तिला हात लागायचा. मी दिला.

वहिनींचे मिस्टर त्याच वर्षी सरकारी ऑफिसातून रिटायर झाले होते. शाल मिळाली, नारळ मिळाला, पेन्शन सुरू झाली. थकले म्हणून त्यांची कुणी परीक्षा घेतली नाही. आईचे हात ज्या घरांत झिजले, त्यातल्या एकानंही विचारलं नाही की, बाई, म्हातारपणी खाशील काय?

संध्याकाळी आमच्या वस्तीत हे काम करणाऱ्या प्रत्येकीकडे मी गेले. झालं ते सांगितलं. म्हाताऱ्यांना जास्त सांगावं लागलं नाही. तरण्यांना म्हटलं, "आज ती, उद्या तू." त्या घरी कुणीही गेलं नाही.

काही दिवसांनी वहिनींचा मुलगा आमच्या दारात. "मावशी, बाई मिळत नाही. बाळाचे हाल होतात. आईचं मनावर घेऊ नका ना."

आई लगेच पिशवी शोधायला लागली. "पोराचो काय दोष गो?"

"काही नाही. त्याला आई आहे, आजी आहे. त्या घालतील." मी दार लावून घेतलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आई बरेच दिवस उठताना माझा हात घेईना.

माफी मला नकोच आहे. ज्या घरांनी बाईला उमेदीत राबवलं, त्यांनी ती थकल्यावर दरमहा तिच्या पोटाचं बघितलं पाहिजे. दया म्हणून नाही, तिचा हक्क म्हणून. हे मी आता घरोघर जाऊन सांगते. कुणी दार लावतं, कुणी ऐकतं.

त्या एका घरी मात्र सांगायलाही जात नाही. वहिनी कधीतरी अंथरुणाला खिळतील. कूस बदलायला बाई लागेल. मुलगा पुन्हा येईल. मी त्याला आत बोलावीन, त्याचं सगळं ऐकून घेईन, आणि नाही म्हणेन.