सात नंबरची खूण

तिला सगळे घार म्हणत. तोंडावर घारताई, पाठीमागे नुसतं घार. उंचावरून उंदीर हेरावा तसं तिला माणसाच्या चेहऱ्यावरचं बारीकसारीक दिसे. एकोणीस वर्षं ती विद्यापीठातल्या त्या अरुंद खोलीत बसून एकच गोष्ट बघत आली होती: आईच्या मांडीवर दुसरं बाळ आलं की पहिलं मूल काय करतं.

शेजारच्या खोलीत चार-पाच वर्षांचं मूल खेळण्यांत बसवत. आईला सांगितलेलं असे, तीन मिनिटं धाकट्याशीच बोलायचं, थोरल्याकडे बघायचंसुद्धा नाही. कॅमेरा ते टिपे आणि मग घार त्या व्हिडिओवर खुणा करी. हसू आलं की एक, रडू आलं की दोन, असं करत करत सात म्हणजे हेवा. बघताना आवाज बंद. "आवाज लबाड असतो," ती म्हणे. एकदा डोळ्यांसाठी बघायचं, एकदा तोंडासाठी आणि तिसऱ्यांदा हातांसाठी. हातांना तक्त्यात रकानाच नव्हता. ते ती समासात पेन्सिलीने लिहून ठेवी.

घरीही तेच. "जेवताना माझ्याकडे तशी बघू नकोस," तिचा शिंपी नवरा म्हणे, "घास गिळायची भीती वाटते!"

आणि मग चष्मिष आली. सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटर शिकलेली, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. तिने बनवलेला प्रोग्राम व्हिडिओ आपणच बघे, चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आखे आणि चौकटीवर आकडा टाके. घारला एका व्हिडिओला अर्धा दिवस लागे. त्याला दोन मिनिटं.

"याला शिकवलं कुणी?" घारने विचारलं.

"तुम्हीच की, मावशी! तुमच्या एकोणीस वर्षांच्या खुणा घातल्या ना त्यात."

मावशी! घारच्या अंगाचा तिळपापड झाला. माझंच खाऊन माझ्यापुढेच ढेकर. त्यात विभागाच्या मॅडम. एकोणीस वर्षांत घारच्या टेबलाशी त्या कधी दोन मिनिटं टेकल्या नव्हत्या. आता रोज चहाचा कप घेऊन चष्मिषच्या खुर्चीमागे उभ्या. "अगंबाई, हे पण कळतं याला?"

"कानामागून आली आणि तिखट झाली," घार घरी म्हणाली.

नवऱ्याने तोंडातली टाचणी काढली. "कोण, पोरगी की मशीन?"

"दोघी."

"मशीन म्हणजे बाई का?"

"तुम्ही शिवा मुकाट्याने."

सोमवारी सकाळी मॅडमनी मीटिंग घेतली. वीस जुने व्हिडिओ घारने नव्याने तपासायचे, तेच कॉम्प्युटरने तपासायचे. दर दहात नऊ खुणा जुळल्या, तर हाताने खुणा करणं बंद. "मग घारताई, तुम्ही जुन्या कागदांची खोली सांभाळा. डोळ्यांना आराम." असं म्हणत मॅडमनी कॉम्प्युटरच्या पाठीवर हलकेच थोपटलं. बाळाला थोपटावं तसं.

तीन दिवस घारने पापणी लववली नाही. गुरुवारी निकाल आला. शंभरात एक्क्याण्णव खुणा जुळल्या होत्या.

"मग ठरलं," मॅडम म्हणाल्या आणि जुन्या कागदांच्या खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. घारने पेन्सिल खाली ठेवली. चेहरा मात्र तिने राखला. चेहरा राखणं तिच्याइतकं कुणाला जमणार?

"थांबा, एक गंमत दाखवते," चष्मिष उत्साहाने म्हणाली. "सोमवारी मी नवा कॅमेरा लावून पाहते म्हटलं होतं ना? आपली मीटिंग टिपलीय त्याने. मोठ्या माणसांवर चालतो का प्रोग्राम, बघू."

पडद्यावर त्या तिघी दिसल्या. मॅडमचा हात कॉम्प्युटरवर पडला, आणि घारच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट लखलखली. वर आकडा: सात.

चष्मिषचे कान लाल झाले. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं... चुकतो कधीकधी तो..."

चुकला म्हटलं असतं तर चाललं असतं. मॅडमनीही मान हलवली असती आणि विषय मिटला असता. घारने पडद्याकडे पाहिलं. ओठ दाबून बसलेली, पन्नाशीची, चार वर्षांच्या पोरासारखी बाई. असल्या हजारो पोरांना तिने बिनचूक सात दिला होता.

"मागे घे," ती म्हणाली.

"काय?"

"मागे घे गं. अजून. हां, थांब." ती उठून पडद्याशी गेली. "चुकलाच आहे तो. उशीर केलाय. सात इथे नाही, अकरा सेकंद आधी सुरू झालाय."

"पण चेहरा तर साधाच आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या.

"चेहरा सगळ्यात शेवटी पडतो, मॅडम. हात बघा." पडद्यावर टेबलाच्या कडेला तिची मूठ दिसत होती. अंगठा बोटांच्या आत दडपलेला. "तुम्ही कप घेऊन तिच्या बाजूला बसलात ना, तेव्हाच आत गेला. पोरंही असंच करतात. आधी अंगठा, मग ओठ. माझ्या पोटात तेव्हापासूनच दुखत होतं. खोटं कशाला बोलू?"

मॅडमनी नकळत आपल्या कपाकडे पाहिलं. "हे कुठे नोंदलंय का?"

"समासात. एकोणीस वर्षं. पेन्सिलीने."

"समास मी घातलेच नाहीत," चष्मिष पुटपुटली.

मॅडमनी कागदांच्या खोलीची किल्ली टेबलावरून उचलली आणि परत पर्समध्ये टाकली. मग घारच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसल्या. चांगल्या दोन मिनिटांहून जास्त बसल्या. जुने कागद मागवले गेले. चष्मिष दुसऱ्या बाजूला येऊन बसली, वही उघडून.

"मावशी, पहिलं काय करू?"

"पहिलं आवाज बंद कर," घार म्हणाली. "आणि दुसरं, मावशी म्हणणं बंद कर."