टाकीवरचा लाल रंग

बायको गेली त्याच्या चौदाव्या दिवशी मी बार्जवर परत गेलो. लोक म्हणाले, इतक्यात कशाला? घरात राहून करू काय? बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते कळेना. न्हाणीतला तिचा तांब्या मी तीनदा हलवला आणि तीनदा जागेवर ठेवला. शेवटी चपला घातल्या आणि नार्व्याच्या धक्क्यावर चालत गेलो.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. कोकणी की मराठी यावरून तेव्हा सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले होते. मी चौथी शिकलेला, खनिजाच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर. इथे खनिज भरायचं, नदीने वास्कोला न्यायचं, ओतायचं, परत. सुकाणूवर तांडेल, तो पेडण्याचा. इंजिन माझं, त्याला दुसऱ्याने हात लावलेला मला खपत नसे. आणि एक खलाशी होता बेळगावकडचा, चाळिशीचा, बायको-मुलं गावी. तो बार्जवरच राहायचा. दसऱ्याला सगळे घरी गेले तेव्हा राखणीला तो एकटाच होता. मी सुतकात, म्हणून नंतरच्या दोन फेऱ्या बदली ड्रायव्हरने केल्या होत्या.

इंजिनखोलीत उतरलो. पॅनलवर डिझेलचा काटा टाकी भरलेली दाखवत होता. मालकाने हौसेने बसवलेलं ते पॅनल, त्याच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी बांबूची काठी होती, खाचा पाडलेली. ती टाकीत सोडली. वर काढली तर जेमतेम दोन बोटं ओली. पुन्हा सोडली. तेवढीच.

काटा म्हणतो भरलेली, काठी म्हणते रिकामी. मग टाकीकडे नीट बघितलं. वरून ताजा लाल रंग. काटा हलवणारा तरंगता गोळा ज्या गोल प्लेटखाली लोंबतो, त्या प्लेटचे स्क्रू कोणीतरी काढून परत बसवलेले. स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

माझं डोकं फिरलं. तसाच वर गेलो. खलाशी तांदूळ निवडत बसला होता.

"डिझेल कोणाला विकलंस?"

"काय म्हनता मामा?"

"टाकीवरची प्लेट तू उघडलीस की नाही?"

"उघडली की. पन ते रंगा—"

"झालं तर! डिझेल विकलंस आणि काटा अडकवून ठेवलास. चोर!"

तांडेल आणि धक्क्यावरचे कामगार बघत राहिले. तो उठला, तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन कपडे पिशवीत कोंबले आणि धक्क्यावर उतरून साखळी गावाच्या रस्त्याला लागला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तांडेल मला म्हणाला, "भरती दोन तासांवर आली. दोर कोण सोडतलो? तुझो काटो?"

"चोर पाहिजे तुला बार्जवर?"

"आधी बघ रे खाली जाऊन. बघितलंस कुठे तू?"

बघितलं नव्हतं, ते खरंच होतं. खाली गेलो. प्लेटवरची वायर सुटी केली आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा धाडकन शून्यावर आला. म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. मग प्लेट उचलून गोळा बाहेर काढला. कानाशी धरून हलवला, आत डिझेल शिरलेलं नव्हतं. वरखाली केला, लोण्यासारखा सरकत होता. कोणी अडकवलेला असता तर इथेच सापडला असता.

प्लेट उलटी केली. खालूनही लाल रंग, सुबक, कडेपर्यंत. अर्थिंगची तांब्याची पट्टी एका स्क्रूखाली टाकीच्या लोखंडाला टेकते, तिथेही रंग. रंगातून वीज जात नाही. अर्थिंग तुटलं की आमचा हा काटा भरलेल्या खुणेवर जाऊन बसायचा. मी प्लेट बसवली, वायर जोडली आणि दुसऱ्या एका वायरचं एक टोक प्लेटला, दुसरं इंजिनला लावलं. काटा हळूहळू उतरला आणि काठीने दाखवलं होतं तिथे थांबला.

वर तांडेलाला ओरडून विचारलं, "बदलीवाल्याने मध्ये डिझेल भरलं होतं?"

"काटा भरलेली दाखवता, तर भरतलो कित्याक?"

डिझेल कुठे गेलं ते समजलं. दोन वेळा वास्कोला जाऊन आलं होतं.

"आणि हा रंग?"

तांडेल शिडीवर वाकला. "खंडेनवमीला. दरवर्षी पूजेआधी तू लावतोस, यंदा तुला सूतक. तो म्हणाला, ड्रायव्हर दुःखातून येणार, इंजिन ओकंबोकं दिसता कामा नये. प्लेट काढून खालूनसुद्धा रंगवली. गंज म्हणे खालून धरतो."

दरवर्षी रंग लावून झाला की मी पट्टीखालची ती एक जागा घासून उघडी करायचो. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की दुसरा शिकणार, मग माझी गरज काय?

मी पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली, पट्टी आवळली आणि रस्त्याला लागलो. लग्न झाल्यापासून मी कोणालाही वाटेल ते बोलायचो आणि बायको दुसऱ्या दिवशी काहीतरी शिजवून त्यांच्याकडे जायची. काय बोलायची कोण जाणे. माणसं परत माझ्याशी बोलायला लागायची. आता त्या रस्त्यावर मीच होतो आणि हात रिकामे.

तो बस थांब्यावर पिशवीवर बसला होता. मी त्याच्यासमोरून पुढे गेलो, परत आलो.

"चल."

"कुठं?"

"बार्जवर. चूक माझी झाली."

"हितं कुनाला ऐकवताय? ह्या खांबाला? चोर तिथं म्हनलात, समद्यांम्होरं."

"तिथं सांगतो."

बस आली. त्याने बसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बस गेली.

"येतो. पन पिशवी खांद्यावरच र्‍हाईल."

बार्जवर सगळ्यांसमोर मी सांगितलं, याने काही चोरलेलं नाही, मी न बघता बोललो. तांडेल म्हणाला, "मोठ्याने बोल रे, वास्कोला ऐकू जाऊदे." मी परत बोललो, मोठ्याने. खलाशाने पिशवी खाली ठेवली.

"आता दावा," तो म्हणाला, "कुठं रंग लावायचा न्हवता."

खाली नेऊन त्याला ती जागा दाखवली. मग राहवेना. बॅटरीची टोकं दाखवली, पंपाचा खटका दाखवला, कुठली नटं किती आवळायची ते त्याच्या हातात पाना देऊन दाखवलं. इतकी वर्षं एकट्याजवळ ठेवलेलं भराभर बाहेर येत होतं. डिझेल भरायचं राहिलंच होतं, भरती चुकणार होती, वरून तांडेल शिव्या देत होता. खलाशी म्हणाला, "मामा, बास. उद्या दावा की."

"आजच बघ," मी म्हटलं आणि फिल्टरचं झाकण उघडलं.